फौजेतून सुटून गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकताय? मग हे वाचा

मी ईएमईतून (फौजेची यंत्रं, गाड्या दुरुस्त करणारी शाखा) सुटलो आणि गोव्यात साखळी गावी जळक्या मोटरींना नवीन तार भरून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, छोटं वर्कशॉप टाकलं. माजी सैनिक म्हटल्यावर गिऱ्हाईक रांग लावेल असं वाटलेलं, पहिले सहा महिने लोक आले ते कॅन्टीनची रम आहे का विचारायला (गोव्यात दारू आधीच स्वस्त, तरी फौजीकडचीच पाहिजे!).

आधी पैसा. कम्युटेशनमध्ये निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि तो कापलेला भाग परत सुरू व्हायला १५ वर्षं लागतात, त्यामुळे ती रक्कम सगळी दुकानात ओतू नका. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), क्लॅम्प मीटर (करंट मोजायला), बेअरिंग पुलर (बेअरिंग ओढून काढायला) आणि सिरीज बल्ब (टेस्टिंगसाठी), सुरुवातीला एवढं बस झालं. खोली अशी बघा की टेम्पो दारात लागेल.

आपल्याकडे धंदा म्हणजे कुळागरं, सुपारीच्या बागा. पोफळीला पावसात पाणी लागत नाही, पंप विहिरीकाठी चार महिने पडून, गंजून इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) जाम, आणि दिवाळीच्या सुमारास मालक येऊन सरळ स्विच दाबतो. मोटर नुसती हुं करते, फिरत नाही, करंट चढतो आणि थोड्या वेळात जळका वास. म्हणून गणेश चवथीलाच सगळ्यांना सांगून ठेवा, स्विच दाबायच्या आधी मेन बंद आहे ना बघून मागचं पंख्याचं कव्हर काढा आणि शाफ्ट हाताने फिरवा. असं सांगितलं तर धंदा बुडेल असं माझा मेव्हणा म्हणतो, अजून तरी बुडला नाही.

जळालेली कॉईल उपटायची घाई नको. आधी फोटो, मग कागदावर रनिंगच्या (मोटर चालवणाऱ्या) कॉईलचे टर्न म्हणजे वेढे, स्टार्टिंगच्या (सुरू करणाऱ्या) कॉईलचे टर्न, तारेचा गेज म्हणजे जाडी, तार कुठल्या स्लॉटातून (खाचेतून) कुठल्या स्लॉटात गेलीय ते. एकाच कॉईलवर विसंबू नका, दोन-तीन मोजा, जळक्या तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. टर्न कमी भरले तर मोटर लोड नसताना पण तापते.

पावसात खरा ताप वार्निशचा, म्हणजे नव्या कॉईलवर इन्सुलेशनसाठी ओततात ते वाळवायचा. एका जुलैत एका काकांची एक एचपी मोटर मी घाईत दिली, वरून कोरडी, आतून ओली, आठ दिवसांत परत दारात आणि तारेचा खर्च माझ्या खिशातून. आता वार्निश पूर्ण निथळून वास कमी झाला की स्टेटर (कॉईल बसवलेला मोटरचा न फिरणारा भाग) जुन्या पत्र्याच्या पेटीत, आत १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब, झाकणाला फट ठेवून रात्रभर. सकाळी थंड झाला की मेगर लावायचा, आकडा कमी दिसला तर परत पेटीत, मग गिऱ्हाईक कितीही ओरडू दे.

युनिटमधली जॉब कार्डची सवय सोडू नका. प्रत्येक मोटरला तारेने चिठ्ठी, त्यावर नाव, गाव, तारीख, अॅडव्हान्स. आठ म्हणजे आठला दुकान उघडा, गिऱ्हाईक मात्र आठला येईल ही आशा नको.

उधारी होणारच, "सुपारी विकली की देतो" हे ऐकायची तयारी ठेवा. तांब्याची तार आपल्याला रोखीने आणावी लागते म्हणून तारेचे पैसे आधी, मजुरी मागून चालेल. आणि जळकं तांबं कोणाचं हे मोटर उघडायच्या आधीच बोलून घ्या. मी समोर वजन करून बिलातून वजा करतो, बाकीचे काय करतात ते त्यांना विचारा.