तारण म्हणजे काय, चार संध्याकाळी वाचून समजून घ्या

गुड फ्रायडे जवळ आला की संडे स्कूलची मुलं हमखास विचारतात, टीचर, देवाला माफच करायचं होतं तर येशूला मरावं का लागलं? प्रश्न रास्त आहे, "आपल्या पापांसाठी" एवढंच सांगून त्यांना गप्प बसवू नका प्लीज. तारण, म्हणजे पापातून सुटका, समजायला चार संध्याकाळ काढा, बायबल आणि एक वही घ्या, बास.

पहिल्याच दिवशी बायबलमधलं लेवीय हे यज्ञ-नियमांचं पुस्तक उघडू नका, तिथं बहुतेक जण अडकतात. रूथचं पुस्तक घ्या, चारच अध्याय आहेत. रूथ ही विधवा, नामी तिची सासू, तीही विधवा. नामीचं वतन सोडवायचा पहिला हक्क सगळ्यात जवळच्या आप्ताचा, तो आधी हो म्हणतो आणि रूथलाही पत्करावं लागेल हे कळल्यावर माघार घेतो, पायातली वहाण काढून देतो, मग बवाज हा दुसरा आप्त पुढे होतो. इथे थांबा आणि घरातलं एखादं उदाहरण आठवा. माझ्या आईच्या पाटल्या पतपेढीत गहाण होत्या, व्याज चढत चाललेलं, एक दिवस मामाने सगळी रक्कम भरली आणि पाटल्या रुमालात बांधून आणून तिच्या हातात ठेवल्या, आई त्या दिवशी जेवलीच नाही, नुसती रडत होती. तारण हा शब्द मला तेव्हा कळला. सोडवणारा आपला माणूस असतो आणि पैसे त्याच्या खिशातून जातात.

दुसऱ्या दिवशी निर्गम 12, वल्हांडण, म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले त्या रात्रीचा सण. कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडून ठेवायचं आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचं. म्हणजे मधले दिवस ते डोळ्यासमोर, पोरांनी त्याला चारा घातला असणार, अंगावरून हात फिरवला असणार, आणि मग त्याचंच रक्त दाराच्या चौकटीला. हे मुलांना सावकाश सांगा, घाई नको.

तिसऱ्या दिवशी आता लेवीय 16. दोन बकरे, एकाचा बळी जातो, दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात. लगेच 17:11 वाचा, हे खूप जणांच्या नजरेतून सुटतं, तिथं देव म्हणतो की वेदीवर प्रायश्चित्तासाठी रक्त मीच तुम्हाला दिलंय. म्हणजे नवस फेडावा तसं आपण काही देऊन देवाला राजी करत नाही, देणारा तोच आहे. हे निसटलं तर क्रूसाचा अर्थच उलटा होतो, रागावलेल्या देवाच्या हातून आपल्याला वाचवायला येशू मधे पडला असं वाटत राहतं.

शेवटच्या दिवशी मार्क 10:45. तिथला "खंडणी" शब्द वाचून गुंडांची खंडणी आठवते, पण इथे अर्थ सुटकेची किंमत असा आहे, गुलामाला मोकळं करायला मोजतात ती. मग योहान 19 मोठ्याने वाचा. क्रूसावर येशू म्हणतो ते "पूर्ण झालं आहे" हे मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, तेतेलेस्ताय. त्यानंतर इब्री 10 मधलं येशूच्या बलिदानाबद्दलचं "एकदाच" अधोरेखित करा, आता पुन्हा कोकरू नको, पुन्हा बकरा नको.

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाने आपलं एक ओझं लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. गुड फ्रायडेच्या उपासनेत क्रूसावरच्या येशूच्या सात उद्गारांमधला तो सहावा, "पूर्ण झालं आहे", आला की ते पान हातात धरून शांत बसायचं.