रुग्णाला पुन्हा उभे करताना सेविकेने हात कोठे द्यावा आणि कोठे आखडता घ्यावा

पक्षाघात झालेला किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण सोलापुरातल्या रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा फिजिओथेरपिस्ट त्याच्याजवळ फार तर तासभर असतो आणि उरलेला सारा दिवस सेविका, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘मावशी’, असते. व्यायाम कोणता आणि किती हे तिने ठरवायचे नाही. मात्र जे शिकवले गेले ते अंघोळीत, जेवणात आणि कपडे घालण्यात मुरवणे हे तिचेच काम आहे. त्यासाठी हात आखडता घेणे तिला सर्वांत आधी शिकावे लागते. रुग्णाला जे स्वतः करता येते, ते कितीही वेळ लागला तरी त्याच्याऐवजी करू नये.

घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, नाही तर ‘पगार देऊन बाई ठेवली आणि ती नुसती बघत बसते’ ही तक्रार ठरलेली आहे. माझ्याही वाट्याला ती आली आहे. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक अप्पा सदऱ्याची पहिली गुंडी लावत होते, तोवर त्यांचा चहा निवला. मी काजाची कड तेवढी ताणून धरली होती. सुनेला ते पाहवेना, पण त्या गुंडीत बोटांचा जो व्यायाम झाला, तो रबरी चेंडू दाबून झाला नसता. सदरा चढवताना आधी लुळा हात बाहीत घालावा आणि मग चांगला. काढताना हाच क्रम उलटा करावा. टॉवेलांच्या घड्या घालणे, वाती वळणे अशी हाताला मुरलेली कामेही फिजिओथेरपिस्टला विचारून द्यावीत.

रुग्ण अंथरुणात असेपर्यंत साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. उताणे निजवल्यावर लुळा पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो. तेव्हा जाड सोलापुरी टॉवेलाची घट्ट वळकटी करून ती खुब्यापासून मांडीच्या बाहेरून लावावी आणि टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली मऊ उशी द्यावी. आपली प्रसिद्ध चादर मात्र रुग्णाच्या अंगाखाली कायम अंथरू नये, कारण तिची जाड वीण आणि सुरकुत्या कातडीला टोचतात. तिचा उपयोग वेगळा आहे: चौघडी करून ती पाठीखाली सरकवली आणि दोघांनी दोन्ही कडा धरून उचलली, की रुग्णाला न फरफटवता वर सरकवता येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेला की घामाने पाठ ओली राहते, म्हणून त्या दिवसांत माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात पाहावेत. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नसेल, तर ती चोळू नये. त्या बाजूवर निजवणे थांबवून परिचारिकेला लगेच कळवावे.

मालीश हा आपल्याकडचा नाजूक विषय आहे. घरोघरी तेल कोमट करून तयार ठेवलेले असते आणि नाही म्हटले की ज्येष्ठ मंडळी दुखावतात. तरीही एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल किंवा दुखत असेल, तर तिला हातही लावू नये आणि रुग्णाला चालवूही नये, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना फोन करावा.

उठवताना लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये. खांदा निखळतो तो बहुधा अशाच प्रेमापोटी. खुर्ची चांगल्या अंगाला ठेवावी, चाकांची असेल तर ब्रेक लावावेत, आणि रुग्णाला खाटेच्या कडेवर पाय सोडून दोन-तीन मिनिटे बसू द्यावे. चक्कर येत नाही ना, हे विचारल्यावरच उभे करावे. चालताना आपण दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे आणि कमरेचा पट्टा धरावा. काठी रुग्णाच्या चांगल्या हातात असावी. खाली माग आणि वर राहणे असे घर असेल, तर जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे रोज मोठ्याने म्हणून घ्यावे. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात ‘मेल्लगा’ आणि कन्नडभाषक घरात ‘निधान’ हा शब्द ‘सावकाश’पेक्षा लवकर पोचतो. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला डॉक्टर सांगेपर्यंत पाटावर किंवा उकिडवे बसवू नये.

जेवण ताठ बसवूनच द्यावे. घास चांगल्या गालाच्या बाजूने भरवावा, हनुवटी किंचित खाली ठेवण्यास सांगितले असेल तर तसे करून घ्यावे, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. गिळण्याची तपासणी होईपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाचटणी दूर ठेवावी; चटणीचा कोरडा कण घशात उडाला की ठसका आवरत नाही. पातळ पाणीही काहींना घट्ट पेजेपेक्षा अवघड जाते. पाण्यानंतर खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर होत असेल, तर घोट देणे थांबवून कळवावे.

संध्याकाळी वही लिहावी. ‘आज बरे होते’ या वाक्याने फिजिओथेरपिस्टला काहीच कळत नाही. ‘खाटेपासून मोरीपर्यंत काठीने गेले, एका हाताचा आधार दिला, उंबऱ्यापाशी एकदा थांबले, सदऱ्याच्या दोन गुंड्या स्वतः लावल्या’ असे लिहिले, की दुसऱ्या दिवशी त्याला तिसऱ्या गुंडीपासून सुरुवात करता येते.