शिंगाचं पेन लेथवर घडवताना

म्हशीचं शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचंच द्रव्य. हरणाचं दरवर्षी गळून पडणारं शिंग मात्र हाड असतं. हा फरक लक्षात ठेवूनच लेथ, म्हणजे तुकडा गरगर फिरवणारं यंत्र, सुरू करा.

म्हशीच्या शिंगाला उष्णता सोसत नाही. ७ मिमीचं भोक पाडताना ड्रिल थोडं आत घाला, बाहेर काढा, भुसा झटका, बिट गार होऊ द्या, मग पुन्हा आत. जळक्या केसांचा वास आला की थांबायचंच, नाहीतर शिंग आतून तडकतं. हरणाच्या शिंगाचा गाभा जाळीदार असतो. तिथे पातळ सुपरग्लू मुरवून सुकू द्या.

भोकात बसणारी पितळी नळी घासून खरखरीत करा, आत इपॉक्सीने चिकटवा, रात्रभर ठेवा. शिंग फिकट असेल तर नळी आधी रंगवा, कारण पितळ आरपार दिसतं.

टोकं सपाट करून तुकडा मँड्रेलवर, म्हणजे लेथवर तुकडा धरणाऱ्या दांड्यावर, चढवा. पटाशीला कडक धार हवी आणि काप अगदी पातळ. बोथट पटाशीने पापुद्रे उचकटतात. बुशिंगच्या, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्या मापाच्या कड्यांच्या, जाडीला पोचायच्या जरा आधीच पटाशी ठेवून द्या. उरलेलं काम पॉलिश पेपरचं: २४० पासून २००० पर्यंत, एकही नंबर न गाळता. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून पेपर लांबीच्या दिशेने फिरवा, म्हणजे गोल ओरखडे जातात. काळ्या शिंगावर एकही ओरखडा लपत नाही. वरून जाड लॅकर मला पटत नाही, त्याने शिंगाचा स्पर्शच हरवतो, मेण पुरे.

आणि मास्क पहिल्या कापापासून हवा. हा भुसा फार बारीक असतो.