सरपंच ते केंद्रीय मंत्री : नेत्याची कारकीर्द लिहिताना या चुका टाळा

नेत्याचा सत्कार असो, वाढदिवस असो की श्रद्धांजली, पुरवणी निघायची ठरली की जीवनपट लिहायचं काम तालुक्याच्या बातमीदाराकडे नाहीतर गावातल्या एखाद्या गुरुजींकडे येतं. असे मजकूर मी बरीच वर्षं तपासतो आहे. दिल्लीतल्या तारखा बहुतेक वेळा बरोबर असतात, त्या कुठेही मिळतात. घोळ होतो तो गावाकडच्या पायऱ्यांवर. माणूस घडलेला असतो तिथेच, म्हणून तिथली चूक मला जास्त टोचते.

उदाहरणाला विलासराव देशमुखांची कारकीर्द घेऊ. बाभळगावच्या ग्रामपंचायतीतून निघून ते केंद्रीय मंत्रिमंडळापर्यंत पोहोचले.

आजचा जिल्हा कालच्या पदाला लावू नका

विलासराव १९७४ साली सरपंच झाले, जिल्हा परिषदेवरही गेले. त्यावर "लातूर जिल्हा परिषदेचे सदस्य" असं बिनदिक्कत लिहिलं जातं. पण लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीची जिल्हा परिषद उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची. मतदारसंघाचंही तसंच आहे. ते निवडून यायचे ते "लातूर" या मतदारसंघातून. "लातूर शहर" आणि "लातूर ग्रामीण" असे दोन मतदारसंघ पुनर्रचनेनंतर, २००९ च्या निवडणुकीपासून झाले. त्या पदाच्या वर्षी नकाशा कसा होता, हे आधी बघा आणि मगच गावाचं नाव लिहा.

सरपंच कसा निवडला गेला?

महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली २०१७ मध्ये. २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. सत्तरच्या दशकात लोक सदस्य निवडायचे आणि सदस्य आपल्यातून सरपंच.

एका मजकुरात मला वाक्य दिसलं, "प्रचंड बहुमताने जनतेने त्यांना सरपंचपदी बसवले." साल होतं सत्तरच्या दशकातलं. मी त्या गावी गेलो आणि ग्रामसेवकांकडे जुनं प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या कामकाजाची नोंद, मागितलं. कपाटाच्या तळातून कापडी पुठ्ठ्याची वही निघाली, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. निळ्या शाईत सूचक, अनुमोदक, खाली सह्या आणि दोन अंगठे. अकरा सदस्य, सहा मतं विरुद्ध पाच. एका मताने सरपंच! ज्या तरुणाला स्वतःच्या मताखेरीज गावातल्या पाच माणसांना एकेक करून पटवावं लागलं, त्याची गोष्ट "प्रचंड बहुमता"पेक्षा कितीतरी मोठी आहे. ते वाक्य आम्ही बदललं. लिहायला बसण्याआधी प्रोसिडिंग बघाच. फोनवरून विचारलेल्या आठवणींवर साल टाकू नका.

सभापती की अध्यक्ष?

ही आपल्या मराठीतली खास अडचण. पंचायत समितीला सभापती, जिल्हा परिषदेला अध्यक्ष, पण जिल्हा परिषदेच्या विषय समितीला पुन्हा सभापती. विधानसभेला अध्यक्ष, विधान परिषदेला सभापती. लोकसभेला अध्यक्ष, राज्यसभेला सभापती, आणि ते उपराष्ट्रपतीच असतात. मनोहर जोशी मुंबईचे नगरसेवक होते, १९७६-७७ मध्ये महापौर, १९९५ मध्ये मुख्यमंत्री. १९९९ मध्ये लोकसभेवर जाऊन ते केंद्रात अवजड उद्योग मंत्री झाले आणि मे २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. त्यांना "लोकसभेचे सभापती" म्हणणारे मजकूर आजही येतात. नुसतं "माजी सभापती" किंवा "माजी अध्यक्ष" कधीच लिहू नका, कशाचे ते जोडा.

मंत्र्यांचा दर्जा गाळू नका

कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र प्रभार असलेले राज्यमंत्री आणि राज्यमंत्री असे तीन दर्जे आहेत. पुण्याचे महापौर राहिलेले मुरलीधर मोहोळ २०२४ मध्ये खासदार आणि लगेच केंद्रात सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले. "केंद्रीय राज्यमंत्री" असंच लिहा. नुसत्या "राज्यमंत्री" शब्दाने वाचकाला मुंबईचं मंत्रालय आठवतं.

दिल्लीला कोणत्या दाराने गेले, ते तपासा

विलासरावांना "लातूरचे माजी खासदार" म्हणणं चूक आहे. ते लोकसभेवर कधीच नव्हते. २००९ पासून लातूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यांनी केंद्रात शपथ घेतली २८ मे २००९ ला, तेव्हा ते संसदेच्या कोणत्याही सभागृहात नव्हते. राज्यघटनेच्या ७५व्या अनुच्छेदानुसार अशा मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. ते ऑगस्टमध्ये राज्यसभेवर गेले. म्हणजे "खासदार होऊन मंत्री झाले" हा क्रम इथे उलटा आहे.

खाती लिहितानाही घाई होते. अवजड उद्योग आणि विज्ञान-तंत्रज्ञान लिहून लोक मोकळे होतात. मधले जानेवारी ते जुलै २०११ हे महिने गळतात. त्या महिन्यांत त्यांच्याकडे ग्रामविकास होतं आणि पंचायती राजही. बाभळगावचा सरपंच देशभरातल्या ग्रामपंचायतींचा मंत्री झाला होता! हे सुटलेलं दिसलं की मी मजकूर परत पाठवतो.

पराभव झाकू नका

"१९८० पासून सलग आमदार" हे वाक्य घरच्यांना आवडतं, कार्यकर्त्यांनाही. पण १९९५ मध्ये लातूरमध्ये जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी विलासरावांना हरवलं. १९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि १८ ऑक्टोबरला मुख्यमंत्री झाले. कोणाचीही कारकीर्द लिहा, हरलेली निवडणूक सालासकट आणि जिंकणाऱ्याच्या नावासकट द्या. मधल्या वर्षांत ते कोणाच्या दारी जात होते, हे त्यांच्या जुन्या ड्रायव्हरला किंवा स्वीय सहायकाला विचारा. घरच्यांनी आक्षेप घेतला तर निवडणूक आयोगाचा निकाल त्यांच्यासमोर ठेवा. माझ्या अनुभवात बहुतेक जण तो वाचून ओळ राहू देतात.