कडधान्य एकदाच शिजवून ठेवा
घरचे जेवण कमी खर्चात आणि लवकर तयार व्हावे असे वाटत असेल, तर सवडीच्या दिवशी एकदाच भरपूर कडधान्य शिजवून ठेवावे, कारण ते मऊ होण्यातच बराचसा वेळ आणि इंधन खर्च होते. दाणे 8 ते 12 तास भिजवले की ते लवकर शिजतात. टोमॅटो किंवा लिंबाचा रस मात्र दाणे मऊ झाल्यावरच घालावा; आंबटपणामुळे ते शिजायला फार वेळ लागतो. राजमा असेल तर भिजवण्याचे पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात तो किमान 10 मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच आच कमी करून मऊ होईपर्यंत शिजवावा. कच्च्या दाण्यातील विषारी घटक नुसत्या मंद आचेवर नष्ट होईलच असे नाही, म्हणून येथे घाई अजिबात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिजलेले दाणे 2 तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि 3 ते 4 दिवसांत संपवावेत. त्याहून जास्त असतील ते फ्रीझरमध्ये ठेवावेत. मग कांदा आणि लसूण परतून त्यात हे दाणे व घरात असेल ती भाजी घातली की साधारण 15 मिनिटांत पोटभर जेवण तयार होते.