टॉर्चने एलईडी पटलावर चित्र काढताना या चुका टाळा

ज्या एलईडीमुळे पिक्सेल उजळतो, त्याच एलईडीला प्रकाश ओळखताही येतो, म्हणून टॉर्च फिरवून पटलावर चित्र काढता येते. एलईडीच्या ऋण टोकाला जोडलेली मायक्रोकंट्रोलरची (छोट्या नियंत्रक चिपची) पिन 5 व्होल्टवर आणि धन टोकाची शून्यावर नेली, की एलईडीच्या जोडावर थोडा विद्युतभार साठतो. मग ऋण टोकाची पिन इनपुट केली, की बाहेरच्या उजेडाने तो भार ओसरू लागतो आणि पिन 0 वाचेपर्यंत लागलेल्या वेळावरून उजेडाचा अंदाज येतो. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने 2003 मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे, पण नाजूकही आहे.

पहिली चूक खरेदीतच होते. मॅक्स7219 चिप असलेले तयार 8×8 पटल या कामाचे नाही, कारण ती चिप एलईडी फक्त पेटवते, वाचत नाही. एलईडीची दोन्ही टोके मायक्रोकंट्रोलरच्या पिनांना थेट जोडलेली हवीत.

टॉर्च कितीही जवळ आणली तरी पिन सतत 1 वाचत असेल, तर पुल-अप (पिनला 5 व्होल्टकडे ओढणारा आतला रोध) तपासावा. अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डात पिन आधी हाय (5 व्होल्टवर) असताना pinMode आदेशाऐवजी चिपचे रजिस्टर (आतली नोंदजागा) थेट बदलून तिला इनपुट केले, की आतला 20 ते 50 किलोओहमचा पुल-अप चालू राहतो, आणि त्यातून येणाऱ्या प्रवाहापुढे प्रकाशाने निर्माण झालेला सूक्ष्म प्रवाह टिकत नाही. म्हणून इनपुट केल्यानंतर लगेच त्या पिनवर लो (0) लिहावे. याउलट अंधारातही पिन झटकन 0 होत असेल, तर सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (डाग देताना वापरलेला चिकट पदार्थ) पुसून पाहावा. पावसाळी दमट हवेत त्यातून भार गळतो.

रंगाकडे दुर्लक्ष केल्याने बराच वेळ वाया जातो. एलईडी साधारणपणे स्वतःच्या रंगाचा किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाशच ओळखतो, त्यामुळे लाल एलईडीला पांढरी टॉर्च चालते, पण निळ्या एलईडीवर लाल लेझर मारून काहीही हाती लागत नाही.

मोजणीच्या वेळी शेजारचे पिक्सेल विझवणे आवश्यक आहे, नाहीतर पटल स्वतःचाच उजेड वाचते. अंधारात भार ओसरायला वेळ लागतो, म्हणून वाट पाहण्याला कमाल मर्यादा घालावी, अन्यथा सारे पटल लुकलुकते. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होत असल्याने एकाच नोंदीवर निर्णय न घेता, 20 मिलिसेकंदांत विखुरलेल्या नोंदींची सरासरी घ्यावी. तरीही कडेचे पिक्सेल चाळवत राहिले, तर उजळण्यासाठी एक आणि विझण्यासाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या मर्यादा ठेवाव्यात.