सेन्सर तंत्रज्ञानातील संशोधन फेलोशिपसाठी अर्ज कसा करावा

विद्यापीठाच्या फेलोशिपसाठी अर्ज भरण्यापूर्वी, ज्या प्रयोगशाळेत काम करायचे आहे तिचे अलीकडचे शोधनिबंध वाचून काढावेत आणि संभाव्य मार्गदर्शकांना लिहिलेल्या पत्रात त्यांपैकी एखाद्या निष्कर्षाविषयी नेमका प्रश्न विचारावा. सर्वांना पाठवलेले एकच ठोकळेबाज पत्र लगेच ओळखू येते.

खरा कस लागतो तो संशोधन प्रस्तावात. ‘अधिक संवेदनशील वायू-सेन्सर बनवणार’ एवढ्याने भागत नाही. कोणता वायू, किती सांद्रतेपर्यंत, किती आर्द्रतेत आणि किती सेकंदांत ओळखायचा, हे आकड्यांत मांडावे लागते. उदाहरणार्थ, टिन ऑक्साइडचे सेन्सर साधारणपणे २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात आणि हवेतील बाष्पामुळे त्यांचे वाचन बदलते. त्यामुळे कमी तापमानावर चालणारा पदार्थ सुचवत असाल, तर आर्द्रतेचा परिणाम वेगळा कसा काढणार, याचे उत्तर प्रस्तावातच असावे. शोधमर्यादा, म्हणजे सेन्सरला ओळखता येणारी वायूची किमान सांद्रता, काढताना कोऱ्या नमुन्याच्या (ज्यात तो वायू नाही अशा हवेच्या) वाचनांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करून तिला अंशांकन रेषेच्या (ज्ञात सांद्रतेला सेन्सर किती वाचन देतो हे दाखवणाऱ्या रेषेच्या) चढाने भागण्याची रूढ पद्धत वापरावी आणि किती वाचने घेणार, तेही लिहावे. माझ्या मते अंशांकनाचा परिच्छेद हा प्रस्तावाचा कणा असतो, आणि घाईत नेमका तोच तोकडा राहतो.

वेळापत्रकात, सेन्सर काही महिने सलग चालू ठेवून त्याचे वाचन किती सरकते हे पाहण्यासाठी पुरेसा अवधी राखावा. शिफारसपत्रे किमान महिनाभर आधी मागावीत आणि मागताना प्रस्तावाचा मसुदा सोबत द्यावा.